मातीचें सातवाहन-सैन्य



पोळ्याच्या सणास आपल्या हिंगोलीकडे मातीच्या बैलांची पूजा होते. ज्या बोटांना बैलाचें वशिंड उमटवितां येतें, त्यांना हत्तीचें गंडस्थळ कांहीं अवघड नाहीं. दोन इंच उंचीचे प्राचीन योद्धे घडवून, रंगवून, त्यांची लढाई चौरंगावर कशी मांडावी, हें आज सांगावयाचें आहे. हा खेळ केवळ पोरकट नव्हे. प्रशियाच्या लष्करानें १८२४ सालीं राइसविट्झचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला, एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतील शिपायांच्या लढाईवर पुस्तक लिहिलें.

आतां सैन्य कोणाचें? पैठणच्या सातवाहनांचें घेऊं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आंध्र राजाचें बळ सांगितलें आहे: १,००,००० पायदळ, २,००० घोडेस्वार, १,००० हत्ती. हे आंध्र म्हणजे सातवाहन, असें अनेक विद्वान मानतात. एक बाहुली म्हणजे हजार, असें प्रमाण धरल्यास १०० पायदळ, दोन घोडेस्वार आणि हत्ती अवघा एक!

वेशासाठीं सांचीकडे वळावें. तेथील दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचा लेख आहे. त्याच तोरणावर कुशीनगराच्या वेढ्याचें शिल्प असून त्यांत धनुर्धर, ढालाईत, रथ व हत्ती दिसतात. तेव्हां सर्वांनाच सोनेरी मुकुट चढविण्याचा मोह टाळावा.

कयाधूकांठची काळी माती वाळतांना आक्रसते व तडकते. म्हणून तींत बारीक वाळू व पिंजलेला कापूस मळावा आणि बाहुल्या सावलींत वाळवाव्या. भाल्यासाठीं खराट्याची काडी ओल्या मातींतच रोवावी. मागाहून रोवल्यास हात तुटतो.

रंगांचे धडे अजिंठ्यानें द्यावे. सतराव्या लेण्यांतील सिंहलाच्या स्वारीचें चित्र वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचें, आणि त्याची राजधानी शेजारचें वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तें सातवाहनांनंतरचें खरें. तथापि गेरू, पिवळी माती, काजळ व चुना हे रंग आपल्याही हाताशीं आहेत. प्रथम खडूच्या भुकटीचा पातळ लेप द्यावा. त्यावर बाभळीच्या डिंकांत कालविलेले रंग आधीं अंगाला, मग वस्त्रांना, शेवटीं शस्त्रांना लावावे. एवढ्या लहान आकृतीवर सावली पुरेशी उमटत नाहीं; ती रंगानेंच दाखवावी लागते. म्हणून वस्त्रांच्या चुण्यांत पातळ काजळ उतरूं द्यावें आणि नाक, खांदा, गुडघा अशा उंच भागांवर फिकट रंगाचा हलका हात फिरवावा. मग हातभर अंतरावरूनही चेहरा ओळखूं येतो.

खेळांत चाल दोऱ्यानें मोजावी: पायदळाची एक वीत, घोड्याची दोन. फांसा टाकून कोण पडला तें ठरवावें.

मात्र शंभर चेहरे रंगवितांना हात कंटाळतो आणि पन्नासाव्यानंतर सारे एकसारखे होऊं लागतात. तेथेंच थांबावें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसावें. एकाला पांढरी मिशी द्यावी, दुसऱ्याला कोवळी हनुवटी. शिलालेखांत राजांचीं नांवें राहिलीं. ह्या शंभरांचीं राहिलीं नाहींत. त्यांतील एक बाहुली आडवी पडली म्हणजे हजार घरें सुनीं झालीं, हें खेळणाऱ्या मुलास उमगलें, तर आपली माती व आपले रंग सार्थकीं लागले.