शतांश मिलिमीटरची खरेदी

घरच्या छोट्या लेथसाठी पहिलं मोजमापाचं साधन घ्यायला कुणी गेलं, की दुकानदार हमखास डिजिटल कॅलिपर पुढे ठेवतो. पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन अंक आणि किंमत अवघी काही शे रुपये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत मी असं कॅलिपर हातात घेतो, तेव्हा पडदा सगळ्यात शेवटी बघतो. आधी जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरतो. टोकापासून मुळापर्यंत कुठेही उजेड झिरपता कामा नये. काही मायक्रॉनची फटसुद्धा अशी डोळ्यांना कळते. टोकाशी उजेडाची पाचर दिसली, की ते कॅलिपर परत डबीत.

मग सरकता भाग पूर्ण १५० मिलिमीटर फिरवायचा. चाल सगळीकडे सारखी हवी. जबड्याचं टोक बोटाने हलकंसं ढकलून बघावं. ते डुलत असेल, तर बाकी सगळं व्यर्थ आहे. अर्न्स्ट आब्बे यांनी १८९० साली मांडलेलं तत्त्व इथे लागू पडतं: मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकाच रेषेत असावी. कॅलिपरमध्ये पट्टी एकीकडे आणि जॉब तिच्यापासून दूर, जबड्यांत. सरकता भाग किंचित तिरपा झाला, तरी जॉब जितका टोकाकडे तितकी चूक मोठी. म्हणून जॉब नेहमी मुळाजवळ धरावा.

दुकानात जाताना मी नामांकित कंपनीची दोन नवी बेअरिंग सोबत नेतो, ६२०१ आणि ६०८. पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर, दुसऱ्याचा २२. साध्या दर्जाच्या बेअरिंगलाही या मापात अनुक्रमे फक्त ११ आणि ९ मायक्रॉन कमी असण्याची मुभा असते. इतक्या कमी पैशांत इतकं भरवशाचं माप दुसरं मिळत नाही. जाडीवर मात्र विसंबू नये, तिथे ०.१२ मिलिमीटरपर्यंत सूट आहे. दोन्ही बेअरिंग अनेकदा मोजावीत, दर वेळी जबडे मिटून शून्य बघावं. शून्य भटकत असेल, तर पडद्यावरचा शेवटचा अंक नुसती सजावट आहे.

कमी पैशांत माझी पसंती साध्या व्हर्निअरलाच. फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती आजही तशीच चालते: ४९ मिलिमीटरचे ५० भाग, म्हणून ०.०२चा लीस्ट काउंट. सेल नाही, सर्किट नाही. स्वस्त डिजिटलमध्ये पडदा बंद असतानाही सर्किट सेल खात राहतं आणि पट्टीवर कूलंटचा ओलावा आला की आकडे उड्या मारतात. चाळिशीनंतर बारीक रेघा दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यावर घड्याळजीचं भिंग हा चांगला उपाय आहे.

पण ६२०१ ज्यावर घट्ट बसवायचं तो १२ मिलिमीटरचा शाफ्ट करायचा असेल, तर कोणतंच कॅलिपर पुरत नाही. के६ बसणीत शाफ्ट १ ते १२ मायक्रॉन जास्त हवा, म्हणजे जागा ११ मायक्रॉनची. चांगल्या कंपनीचं डिजिटल कॅलिपरही स्वतःबद्दल ±०.०२ मिलिमीटर एवढीच हमी देतं. इथे ० ते २५चा मायक्रोमीटर लागतो. त्याचा स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असतात. जुना मिळाला तरी चालेल. पुण्याच्या जुन्या बाजारात असे दिसतात. फक्त स्पिंडल पूर्ण फिरवून बघावा. शून्य चावीने जुळवता येतं, पण मध्येच झिजलेला आटा दुरुस्त होत नाही. तोंडांमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढला, की ती पुसली जातात.

उन्हाळ्यात आणखी एक भान ठेवावं लागतं. मापं २० अंशांना धरलेली असतात. शेडमध्ये ३८ अंश असले, तरी पोलादी जॉब आणि पोलादी साधन बरोबरीने वाढतात. अ‍ॅल्युमिनियम मात्र जवळजवळ दुप्पट वाढतं. १०० मिलिमीटरचा जॉब ०.०२ने मोठा भरतो. लेथवरून नुकताच उतरलेला गरम जॉब तर मोजूच नये.

राहतं भोक. कॅलिपरच्या आतल्या जबड्यांच्या कडा किंचित सपाट असल्याने लहान भोकाचं माप कमी येतं आणि बोअर गेज हौशी माणसाच्या खिशाला जड जातो. ६०८साठी २२ मिलिमीटरचं भोक करताना मी आधी भंगारातल्या गोल सळईवर तीन पायऱ्या काढतो, २१.९५, २१.९८ आणि २२.००. या तिन्ही मायक्रोमीटरने तपासता येतात. पहिली पायरी आत गेली, की कट कमी करायचा. दुसरी गेली, की बोअरिंग टूल आणखी आत न देता त्याच सेटिंगवर एक-दोन फेऱ्या फिरवायच्या आणि तिसरी लावून बघायची.