वाळवंटातला यॉट क्लब

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मॅरी हे अ‍ॅडलेडपासून उत्तरेला जवळपास 700 किलोमीटरवरचं गाव. वस्ती जेमतेम शंभरेक, पाऊस नावापुरता, आणि नजरेत भरणारी इमारत म्हणजे 1883 सालचं दुमजली हॉटेल. अशा गावात चक्क यॉट क्लब आहे!

सभासद होड्या चालवायचे कुठे? तर आयर सरोवरात. हे सरोवर बहुतेक वर्षं मिठाचं कोरडं मैदान असतं. इतकं सपाट, की 1964 मध्ये डोनाल्ड कॅम्पबेलने त्यावर ताशी 648 किलोमीटर वेगाने मोटार पळवून विक्रम केला. दूर क्वीन्सलंडात धो धो पाऊस पडावा, ते पाणी वाळवंट ओलांडून इथवर यावं, तेव्हा कुठे शिडं उभारली जायची. सभासदांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

या गावाची खरी शान मात्र उंटांची. 1866 च्या सुमारास कराचीहून शंभरावर उंट जहाजाने दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे थोडं श्रेय आपणही लाटायला हरकत नाही! उंटवाले बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ करून टाकलं. मॅरीत त्यांनी मातीची मशीद बांधली, खजुराची झाडं लावली. गावातल्या रेल्वे रुळांच्या एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला हे उंटवाले आणि आदिवासी, अशी गावाची सरळसरळ वाटणी होती. पुढे मालवाहतुकीला ट्रक आले, उंट नकोसे झाले आणि 1925 मध्ये त्यांना मारण्याचा कायदाच झाला. अनेक मालकांचा हात धजावला नाही. त्यांनी उंट रानात सोडून दिले. त्यांची पिलावळ आज मध्य ऑस्ट्रेलियात मोकाट हिंडतेय.

इथल्या एका जुन्या पोस्टमनचं नाव होतं टॉम क्रूझ. हॉलिवूडवाला नव्हे! हा गडी 1936 पासून मॅरी ते बर्ड्सव्हिल या 517 किलोमीटरच्या वाटेवर टपाल न्यायचा. ट्रक वाळूत रुतला की चाकांखाली लोखंडी पत्रे सारायचे, ट्रक थोडा पुढे काढायचा, मागचे पत्रे ओढून पुन्हा पुढे टाकायचे. स्टंट त्याचेही काही कमी नव्हते.

आणि 1998 मध्ये मॅरीच्या परिसरात एका वैमानिकाला खाली जमिनीवर कोरलेला तब्बल 2.7 किलोमीटर लांबीचा शिकारी दिसला. रेषा पुसट झाल्यावर 2016 मध्ये ग्रेडर फिरवून त्या पुन्हा ठळक केल्या. उद्योजक डिक स्मिथ यांनी 2018 मध्ये कर्त्याचं नाव सांगणाऱ्याला 5,000 डॉलरचं बक्षीस लावलं. कोणी तोंड उघडलेलं नाही.