जागे मन, शांत घर

वर्षावासाचे दिवस होते. फुलसावंगीच्या विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृतीवर आम्ही चार शब्द बोललो. मनाची शांती, श्वासाकडे लक्ष, सावध चित्त असे बरेच काही सांगून झाले. सभा सुटल्यावर एक वयस्क उपासिका मागे थांबल्या. दिवसभर निंदण करून आलेल्या, बोटांच्या चिरांत माती तशीच. त्या म्हणाल्या, "बापू, तू सांगतं ते खरं हाये. पण डोये मिटून बसाले मले येळ कुठं हाये? पहाटं चूल, दिवसभर निंदण, सांजच्याले पानी. टेकलं का डोया लागते."

आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. पण प्रश्न त्या एकट्या बाईचा नाही, आपल्या सगळ्यांचाच आहे. ज्याला पोटासाठी राबावे लागते त्याने मनाची शांती कधी मिळवायची? की ती फक्त रिकामा वेळ असणाऱ्यांसाठीच आहे? वाचक बंधू-भगिनींनो, शोधता शोधता जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

पाणवठ्यावरचा धम्म

तथागतांनी कुरू देशात, कम्मासदम्म नावाच्या गावी, सतिपट्ठान सुत्त सांगितले. सती म्हणजे स्मृती, म्हणजेच सावधपणा. शरीर, सुख-दुःखाच्या संवेदना, चित्त आणि चित्तात येणारे विषय या चार ठिकाणी सावध राहावे, असे त्यात सांगितले आहे. सुरुवात श्वासापासून होते. पण तथागत श्वासापाशी थांबत नाहीत. जाताना-येताना, वळून पाहताना, हात-पाय आखडताना-पसरताना, खाताना-पिताना, उभे असताना, बोलताना आणि गप्प असतानाही आपण काय करतो आहोत याचे भान ठेवा, असे ते सांगतात. शौचाला जाण्याची क्रियासुद्धा त्यांनी वगळलेली नाही. यात डोळे मिटून बसण्यासाठी वेगळा काढलेला तास किती आणि रोजचे जगणे किती, ते आपणच पाहावे.

हे सुत्त भिक्खूंना उद्देशून आहे, हे खरे. परंतु त्यावरील अट्ठकथेत मोठी सुंदर माहिती येते. कुरू देशातले दास, नोकर, मजूरसुद्धा सतिपट्ठानाविषयी बोलत. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी बाया एकमेकींना विचारत, तू यातले कोणते सतिपट्ठान करतेस? एखादी 'कोणतेच नाही' म्हणाली, तर बाकीच्या तिला टोकत आणि शिकवत. म्हणजे आमच्या उपासिकेचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पाणवठ्यावरच सुटलेला होता!

दुसऱ्या एका सुत्तात तथागतांनी तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. गर्दी जमलेली आहे, नाच चालू आहे, आणि त्यातून एका माणसाला ते भांडे न सांडता न्यायचे आहे. एक थेंब सांडला तर मागे तलवार घेतलेला माणूस उभा आहे. आपल्या मायबहिणींना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर भरला हंडा घेऊन खडकाळ वाटेने येणारी बाई बोलतेही, हसतेही, पण तिचे चित्त हंड्यावरून हलत नाही. तेच चित्त आपल्या रागावर, आपल्या जिभेवर ठेवायचे. सम्यक स्मृती म्हणतात ती हीच.

गाडीवान आणि कारकून

आपल्याकडे विपश्यना शिबिरे पसरली ती सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे. ते ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले, इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते निवर्तले. गोयंका मोठ्या व्यापारी घराण्यातले होते, म्हणून ही विद्या पैसेवाल्यांची असे काहींना वाटते. पण त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे हिशेब खात्यातले नोकरदार. महालेखापालाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेला हा माणूस ४ जानेवारी १९४८ रोजी, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी, देशाचा महालेखापाल झाला. कचेरीतल्या लोकांनाही त्यांनी ध्यान शिकवले. आणि त्यांचे गुरू साया थेटजी? ते रंगूनजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. चौदाव्या वर्षी भाताची बैलगाडी हाकू लागलेले. कॉलऱ्यात पोटची लेकरे गेली, तेव्हा ते धम्माकडे वळले. १९३७ साली हिशेब खात्यातला हा नोकरदार ध्यान शिकला तो या शेतकऱ्याकडून.

आम्ही स्वतः खर्डेघाशी करणारे. त्यामुळे हे वाचून आम्हांस विशेष धीर आला. राबणाऱ्या हातांना हा मार्ग बंद नाही.

काली दासीची परीक्षा

आता शांती म्हणजे काय तेही पाहू. मज्झिम निकायात श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या बाईची गोष्ट आहे. ती फार शांत, फार नम्र, अशी तिची गावभर कीर्ती. तिच्याकडे काली नावाची हुशार, कष्टाळू दासी होती. कालीच्या मनात आले, मालकीण खरोखर शांत आहे, की माझे काम चोख असते म्हणून तिचा राग झाकलेला राहतो? पाहावे तरी. काली एक दिवस उशिरा उठली. मालकिणीच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा उठली, तेव्हा तोंडातून शिव्या आल्या. तिसऱ्या दिवशी मालकिणीने दाराचा अडसर काढून कालीच्या डोक्यात घातला. रक्त वाहत असताना काली शेजारीपाजारी गेली आणि म्हणाली, पाहा, शांत बाईचे काम पाहा!

तथागत सांगतात, मनाविरुद्ध शब्द कानी पडेपर्यंत सगळेच शांत असतात. आम्हांस या गोष्टीत आणखी एक गोष्ट दिसते. शांतीची परीक्षा घेतली ती दासीने. ज्याच्यावर आपली सत्ता चालते, त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथेच खरे काय ते कळते.

ही गोष्ट आम्ही विहारात अनेकदा रंगवून सांगितली आहे. आणि तरी मार्चअखेरीच्या एका दिवशी काय घडले ते ऐका. हिशेबाच्या बेरजेत चूक निघाली. वरिष्ठांनी सर्वांसमोर नको ते बोलून घेतले. आम्ही खाली मान घालून ऐकले. संध्याकाळी घरी आलो, तो धाकट्याच्या हातून पाण्याचा तांब्या आमच्या कागदांवर सांडला. काय होते आहे हे कळण्याआधीच आमचा हात त्याच्या गालावर पडला होता. मुलाची आई चुलीपासून उठली, त्याला जवळ घेतले आणि शांतपणे म्हणाली, "हात उचलायचाच होता तर तिकडंच उचलायचा होता. लेकराचा काय गुन्हा?"

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. कचेरीपासून घरापर्यंत राग आमच्या अंगात बसून आला होता. जबडा आवळलेला, श्वास तोकडा, कान तापलेले. सारी चिन्हे होती, फक्त आम्ही जागे नव्हतो. आपल्या किती घरांत हेच घडते! अपमान होतो मालकाच्या धुऱ्यावर, आणि मार खाते घरची बाई. दारूच्या दुकानाकडे वळणारे पाऊलही असेच झोपेत पडते.

शांत म्हणजे मवाळ नव्हे

आपल्या चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, 'ध्यानाच्या नादी लावून लढाऊ समाजाला थंड करण्याचा हा डाव आहे.' या आक्षेपाला पाठ दाखवून चालणार नाही. अन्यायाकडे डोळे मिटायला शिकवणारे ध्यान आपल्या उपयोगाचे नाही. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात हा फरक केला आहे. नुसती एकाग्रता पुरेशी नाही, तिने विकार तात्पुरते थांबतात. मनाला कुशल कर्माचे वळण लागले पाहिजे, ही त्यांची मांडणी आहे. सम्यक स्मृतीचा अर्थही ते मनाची अखंड जागृती, विकारांवरचा पहारा असाच करतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा आहे, आणि या मार्गात स्मृती आहे.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर जमावाने आपल्या लोकांवर हल्ला केला. जेवायला बसलेल्यांनाही मारले. बदला घ्यायला तयार असलेले शेकडो लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ते मवाळ होते म्हणून? मग २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडात मनुस्मृती कशी जळली? तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत कसा लढला गेला आणि १९३७ मध्ये कसा जिंकला गेला? ज्याचा राग त्याच्या ताब्यात असतो, तोच दहा वर्षे लढू शकतो. ज्याला राग ताब्यात घेतो, तो संध्याकाळपर्यंत लेकरावर हात उगारून मोकळा होतो.

रोज काय करावे?

आम्ही जे करून पाहतो आहोत तेवढेच सांगतो. सकाळी डोळे उघडल्यावर उठण्याआधी दहा श्वास नुसते येता-जाता पाहावेत; ते मोठे-लहान करू नयेत. दिवसातले एक काम निवडावे. कापूस वेचणे, भाकरी थापणे, सायकल चालवणे, काहीही. ते करताना लक्ष भटकले की शिव्या न देता परत आणावे. एक तरी जेवण टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून, घासाकडे पाहत, घरच्यांसोबत करावे. राग आला की आधी तो शरीरात कुठे बसला आहे ते शोधावे, आणि मगच बोलावे. घराच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबून आपण बरोबर काय घेऊन आलो आहोत ते पाहावे. रात्री दुकानदार जशी रोजकीर्द लिहितो, तसा दिवसाचा जमाखर्च मनाशी मांडावा. चूक निघाली तर कबूल करावी, लेकराजवळसुद्धा. आम्ही केली. लेकरू दुसऱ्या दिवशी विसरले, आम्ही विसरलो नाही.

ज्यांना दहा दिवस काढता येतील त्यांनी विपश्यना शिबिरास अवश्य जावे. राहण्या-जेवणाचे शुल्क तेथे घेत नाहीत. शिबिर दानावर चालते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्वास पाहिल्याने कापसाचा भाव वाढत नाही आणि कर्ज फिटत नाही. त्यासाठी संघटना, अर्ज, मोर्चा हेच मार्ग आहेत. आणि ज्याला झोप येत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला 'ध्यान कर' सांगून घरी पाठवू नये. त्याच्यापाशी बसावे, त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने किती कर्ते शेतकरी गमावले आहेत! शेजाऱ्याचा उतरलेला चेहरा वेळीच दिसणे, हीसुद्धा सम्यक स्मृतीच.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही त्या उपासिकेला पाणवठ्यावरच्या बायांची हकीकत सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे निंदतानी निंदणच करावं, भांडण नाई. हो ना बापू?"

एवढ्या थोड्या शब्दांत आम्हांस कधी सांगता आले नव्हते. विहारातून बाहेर पडताना त्यांनी चपला शोधल्या, एकेक नीट पायात घातली आणि अंधारात जपून पाऊल टाकत निघाल्या.

जयभीम!