चिनी पियानो कॉन्चेर्टोची चाळीस वर्षे

चेन छीगांग या संगीतकाराची ‘अर् ह्वांग’ ही पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रथम सादर झाली, तेव्हा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्या संवादावर उभारलेली दीर्घ रचना, हा प्रकार चीनमध्ये पुरता रुजलेला होता. मात्र त्याआधी चाळीस वर्षे त्याच देशात पियानोला स्वतःच्या अस्तित्वाचाच खुलासा द्यावा लागत होता, हे ध्यानात घेतल्यावाचून या रचनेतील शांतपणाचे मोल कळत नाही.

१९६६ मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीने पियानो हे भांडवलदारी चैनीचे वाद्य ठरवले. १९६२ च्या मॉस्कोतील चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळवलेल्या यिन चेंगझोंग यांनी १९६७ मध्ये पियानो थेट तिआनमेन चौकात नेऊन लोकांपुढे वाजवला आणि हे वाद्य जनतेच्याही उपयोगी पडते, असे दाखवून दिले. त्यातूनच पुढे १९६९ मध्ये ‘पीत नदी’ हा कॉन्चेर्टो आकाराला आला. शियान शिंगहाय यांच्या १९३९ मधील जपानविरोधी समूहगानावर तो आधारलेला असून, यिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने तो सामूहिकपणे रचला. नावाड्यांच्या श्रमगीताने उसळत सुरू होणाऱ्या या चार भागांच्या रचनेची अखेर राजकीय जयघोषात होते. तथापि तिसऱ्या भागाच्या आरंभी बांबूची बासरी एकटीच आळवत असताना पियानो तंतुवाद्यासारखा झंकारू लागतो, त्या काही क्षणांत घोषणेपलीकडचे संगीत निश्चितच ऐकू येते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बीजिंगचे मध्यवर्ती संगीत विद्यालय पुन्हा उघडले आणि चेन छीगांग, तान दुन, चेन यी अशी विलक्षण पिढी तेथे शिकू लागली. यांपैकी तान दुन यांनी २००८ मधील आपल्या कॉन्चेर्टोत वादकाच्या मुठी आणि कोपरापुढचे हातही पट्ट्यांवर आणले. चेन छीगांग यांची वाट वेगळी होती. १९८४ मध्ये फ्रान्सला जाऊन ते ओलिव्हिए मेसियां यांचे शेवटचे शिष्य झाले, आणि वाद्यवृंदाच्या रंगांची सूक्ष्म जाण तेथे कमावल्यावर बालपणी कानांवर पडलेल्या चालींकडे वळले.

‘अर् ह्वांग’ हे पेकिंग ऑपेरातील दोन प्रमुख चालसमूहांपैकी एकाचे नाव आहे. शीपी हा चपळ समूह, तर अर् ह्वांग हा गंभीर, संथ आणि करुणेकडे झुकणारा. ठरलेल्या चालीत नवे शब्द बसवण्याची पेकिंग ऑपेरातील रीत मराठी संगीत नाटकाच्या रसिकांना परकी वाटू नये. या गायनाची साथ करणारी जिंगहू हे दोन तारांचे छोटे, सारंगीसारखे वाद्य स्वरांवरून घसरत जाते. पियानोला, पेटीप्रमाणेच, मींड घेता येत नाही. म्हणून चेन यांनी गायकाची ती ओढ दोन स्वरांमधल्या अवकाशावर आणि भोवतीच्या वाद्यांच्या रंगांवर सोपवली. ही उणीव झाकण्याऐवजी तिच्यातूनच रचना घडवणे, हे त्यांचे खरे सामर्थ्य होय.

कार्नेगी हॉलमध्ये ‘अर् ह्वांग’ वाजवणाऱ्या पियानोवादक लांग लांग यांनीच २००६ मध्ये ‘पीत नदी’चेही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले होते. तेथे अष्टकांच्या गडगडाटासाठी लागलेला हात येथे एकेक स्वर विरेपर्यंत थांबतो.