पाच डिस्टिन आणि तीन खटके

तुळशीचं लग्न लागलं की चाळीसगावच्या बँडवाल्यांचे दिवस सुरू होतात. सुपाऱ्या ठरतात, पेटीतले गणवेश बाहेर निघतात, पितळ घासूनपुसून लख्ख होतं. वरातीत भाव खातो तो क्लॅरिनेट नाहीतर ट्रम्पेटवाला. आता तर सजवलेल्या गाडीवरचा बेंजोवाला. मुहूर्त टळून गेला तरी नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत, याचं श्रेयही त्यालाच मिळतं आणि शिव्याही. मागे पोटाशी भलंमोठं युफोनियम धरून खर्ज भरणाऱ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही.

खरं तर पाहावं त्याच्या बोटांकडे. नुसत्या पितळी नळीत फुंकलं तर षड्ज, पंचम, वरचा षड्ज, गंधार असे मोजकेच स्वर निघतात. पलटणीतल्या बिगुलाची सगळी दौलत एवढीच. युफोनियमवर तीन खटके असतात. पहिला दाबला की हवेला जास्तीच्या नळीचा वळसा पडतो आणि आवाज एका पूर्ण स्वराने उतरतो. दुसऱ्याने अर्ध्या, तिसऱ्याने दीड. दोन-तीन एकत्र दाबले की मधली रिकामी घरं भरतात. मग गाणं कुठलंही असो, वाजतं.

ही युक्ती युरोपातली. डब्लिनच्या जोसेफ हॅलिडेने 1810 मध्ये बिगुलाला भोकं पाडून त्यावर चाव्या बसवल्या आणि पेटंट घेतलं. 1818 मध्ये बर्लिनला श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी खटक्याचं पेटंट घेतलं. पण पेटंट घेणं वेगळं आणि गिरणीकामगाराच्या हाती वाद्य पोचणं वेगळं. या दुसऱ्या कामात एका इंग्रज कुटुंबाचा वाटा फार मोठा आहे.

जॉन डिस्टिन हा चाव्यांच्या बिगुलाचा नावाजलेला वादक. पलटणीच्या बँडमधून तो राजा चौथा जॉर्ज याच्या खासगी बँडमध्ये गेला. 1830 मध्ये राजा वारला. डिस्टिनने मग स्कॉटलंडच्या एका उमरावाचा बँड सांभाळला. पदरी चार मुलगे होते: जॉर्ज, हेन्री, विल्यम आणि थिओडोर. बायको अ‍ॅन संगीतकारांच्या लोडर घराण्यातली, पियानोत तयार. घरचाच ताफा उभा राहिला. बाप आणि चार मुलगे फुंकायचे, आई पियानोवर साथीला. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांप्रमाणे गावोगाव खेळ करत हे कुटुंब फिरलं.

1844 मध्ये ते पॅरिसला पोचले. तिथे बेल्जियमहून आलेला अडॉल्फ साक्स नवी पितळी वाद्यं घडवत होता. संगीतकार बेर्लिओझने 1842 मध्येच वृत्तपत्रात त्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. डिस्टिन मंडळींनी ती वाद्यं ऐकली आणि जुनी बाजूला ठेवली. त्याच वर्षी लंडनमध्ये झुलियनच्या लोकप्रिय जलशांत पाचही जण साक्सची वाद्यं घेऊन उभे राहिले. या वाद्यांचं नाव सॅक्सहॉर्न.

सॅक्सहॉर्नची खरी करामत आवाजापेक्षा सोयीत होती. लहान-मोठी सगळी वाद्यं एकाच घडणीची. एकावर बोटं बसली की दुसऱ्यावर नव्याने शिकावं लागत नाही. दिवसभर राबून फक्त संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लाखमोलाची. 1853 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत पितळी बँडची स्पर्धा भरली. पहिलं बक्षीस पटकावलं मॉस्ली गावच्या दारूबंदीवाल्या मंडळींनी. त्यांच्या बँडच्या नावातच सॅक्सहॉर्न होतं.

डिस्टिन नुसते वाजवत बसले नाहीत. लंडनमध्ये त्यांनी दुकान थाटलं आणि साक्सची एजन्सी घेतली. संध्याकाळी मंचावर वाजवायचं, सकाळी तेच वाद्य गल्ल्यावरून विकायचं. याहून चांगली जाहिरात कुठली? 1849 मध्ये अमेरिकेचाही दौरा झाला, मात्र थोरला जॉर्ज त्याआधीच, 1848 मध्ये वारला होता. पुढे हेन्रीने स्वतःचा कारखाना काढला. साक्स तिकडे प्रतिस्पर्ध्यांशी कोर्टकज्जे लढता लढता तीनदा दिवाळखोर झाला. इतिहासात नाव शोधकाचं राहिलं. पण धंद्याची नस डिस्टिनांना अधिक कळली होती, असंच म्हणावं लागतं. हेन्रीने 1868 मध्ये कारखाना बूझी कंपनीला विकला आणि 1877 मध्ये अमेरिका गाठली.

हिंदुस्थानात पितळी वाद्यं आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. संस्थानिकांनी हौसेने आपापले बँड उभारले आणि हळूहळू त्यांची ऐट लग्नाच्या मांडवापर्यंत झिरपली. इथेही धंदा केला तो वाजवणाऱ्यांनीच. ब्रिटिश लष्करात बँड सांभाळलेल्या नादिर अली यांनी 1885 मध्ये नातलगाला सोबत घेऊन मेरठला व्यवसाय सुरू केला. 1911 पासून तिथे वाद्यंही घडू लागली. मेरठची जली कोठी ही गल्ली आजही देशभरच्या बँडवाल्यांची पितळी वाद्यांची पेठ आहे.

नादिर अली मेरठला बस्तान बसवत होते, त्याच दशकात साठी ओलांडलेला हेन्री डिस्टिन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पुन्हा कॉर्नेट घडवत होता. 1903 मध्ये तो वारला तेव्हा विल्यम्सपोर्टच्या कारखान्यावर त्याचंच नाव होतं.