पहिले नाव कोणाचे?

कोकणातील लोकसमजुतींची माहिती देणारे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक १९१५ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. संपादक आर. ई. एन्थोव्हेन, पण बरीचशी सामग्री जमवलेली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. (इतिहासाच्या पाठात अनंत कान्हेरे यांच्या पिस्तुलासमोर आपल्याला भेटतात, तेच हे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन.) ही माहिती प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून मिळवली होती. त्यामुळे पुस्तकात जागोजाग ‘शाळामास्तर, मालवण’ अशा नोंदी आढळतात. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. मुंजा, समंध, खवीस, देवचार, हडळ, जखीण अशी भुतांची यादी, दृष्ट आणि तिचे उतारे, चेटुकावर एक स्वतंत्र प्रकरण, असे बरेच काही या मास्तरांनी कळवले आहे.

भुताच्या गोष्टी जगात सगळीकडे आहेत आणि पावसाळी रात्री त्या ऐकायला कोणाला आवडत नाहीत? त्यांनी कोणाचे वाईट होत नाही. पण काही वेळा त्याच समजुतीतून एखाद्या जिवंत माणसाचे, बहुधा बाईचे, नाव पुढे येते आणि मग तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते, कधी जीवही जातो. गोष्टीपासून गुन्ह्यापर्यंतची ही वाट कशी तयार होते, ते पाहू.

हे केवळ अडाणीपणाने होते, असे म्हणून भागत नाही. पेशवाईतील कागदपत्रांत दुसऱ्यावर ‘भूत घालणे’ हा गुन्हा समजून सरकारने चौकशी केल्याची, दंड केल्याची प्रकरणे सापडतात. नरेंद्र वागळे यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. म्हणजे लिहिणारे कारकून आणि निवाडा करणारे अंमलदारही तेच मानत होते. युरोपात १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चेटकीण म्हणून ठार केलेल्यांची संख्या अंदाजे चाळीस ते साठ हजार धरतात. त्यांतील बहुतेकांना रीतसर खटले चालवून मारण्यात आले. न्यायाधीश शिकलेले होते.

अमेरिकेतील सेलमचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १६९२च्या सुरुवातीला तेथील पाद्र्याच्या घरातील नऊ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलींना झटके येऊ लागले. वैद्याला कारण सापडेना. त्याने हे सैतानी काम असल्याचे सांगितले. येथपर्यंत प्रश्न होता ‘काय झाले?’ त्यानंतर मोठी माणसे मुलींना विचारू लागली, ‘कोणी केले?’ आणि तीन नावे आली. एक गुलाम बाई, एक दारोदार मागून खाणारी, तिसरी पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरून वादात सापडलेली. वर्ष संपण्यापूर्वी एकोणीस जण फासावर गेले आणि एक म्हातारा दगडांखाली दडपून मेला. धान्यावरच्या अरगट बुरशीमुळे त्या मुलींना भास झाले, असे एक मत १९७६ साली मांडले गेले. ते वर्गात सांगायला आकर्षक असले तरी अभ्यासकांना पटलेले नाही. शिवाय बुरशीने झटके येतील. शेजारणीचे नाव कसे येईल?

नाव येते ते विचारणाऱ्याकडून. आपल्याकडचे कौल लावणे घ्या. ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ देवाच्या पाषाणाला चिकटवतात. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. बहुतेक वेळा कौल जत्रेसाठी, पेरणीसाठी, लग्नासाठी लावतात. त्या रूढीबद्दल येथे काही म्हणायचे नाही. पण होय-नाही सांगणारी अशी कोणतीही रीत ‘करणी कोणी केली?’ या प्रश्नासाठी वापरली, तर काय होते ते गणिताने तपासता येते.

समजा, होकार आणि नकार यांची शक्यता निम्मी-निम्मी आहे आणि संशयितांची पाच नावे एकामागून एक विचारायची आहेत. पाचही वेळा नकार येण्याची शक्यता निम्म्याचे निम्मे असे पाच वेळा, म्हणजे १/३२. बत्तीसांपैकी एकतीस वेळा कोणीतरी ‘सापडणार’च, करणी झालेली असो वा नसो. (ती नसतेच.) दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. होकार मिळाला की विचारणे थांबते. त्यामुळे पहिल्या नावावर आळ येण्याची शक्यता १/२, दुसऱ्यावर १/४ आणि पाचव्यावर अवघी १/३२. निकाल देवावर सोपवला असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात पहिल्यांदा कोणाचे नाव तोंडी आले, यावरच तो बराचसा ठरतो.

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग दहा मिनिटांत होतो. प्रत्येक विद्यार्थ्याने एक ते पाच आकडे ओळीने घ्यावेत, प्रत्येकासाठी नाणे उडवावे आणि छाप पडताच थांबून तो आकडा सांगावा. तीस मुलांत सुमारे पंधरा जण ‘एक’ म्हणतील आणि ज्याला कोणीच सापडले नाही असा एखादाच असेल. वर्गातील मुलांची नावे मात्र चुकूनही घेऊ नयेत; आकडेच वापरावेत.

मग पहिले नाव कोणाचे येते? एकटी राहणारी विधवा, जिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे ती, फटकळ तोंडाची म्हातारी, जातीने खालची मानलेली माणसे. नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवण्याचे प्रकार याच वळणाचे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना जमावाने मारहाण केली. त्यांत वृद्ध होते. दुखणे कोणाचे आणि मार कोणाला!

शाळेशी याचा संबंध सरळ आहे, कारण सामूहिक उन्मादाची प्रकरणे शाळांतून पुष्कळ घडतात. टांगानिका देशातील काशाशा येथील मुलींच्या निवासी शाळेत जानेवारी १९६२ मध्ये तीन मुलींना अनावर हसू सुटले. पाहता पाहता १५९ पैकी ९५ मुलींना ते लागले आणि मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. परीक्षेचा ताण, उपाशी पोट, उकाडा, घरची काळजी असे काहीतरी मुळाशी असते. भीतीने श्वास जलद होतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने गरगरते, ओठांना मुंग्या येतात, बोटे वाकडी होऊन ताठरतात. हे सोंग नव्हे. मुलीला ते खरोखरच होत असते. बोटे वाकडी झालेली पाहून शेजारची घाबरते आणि तिचाही श्वास वाढतो. असे लोण डोळ्यांवाटे पसरते.

म्हणून पहिली गोष्ट, त्रास होणाऱ्या मुलीला बघ्यांपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावे, धीर द्यावा आणि सावकाश श्वास घ्यायला लावावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी युक्ती करू नये. दमा वा हृदयविकार असल्यास ती घातक ठरते. डॉक्टरला बोलवावेच, कारण अन्नातून विषबाधा किंवा एखादा वायू ही शक्यता तपासून बाजूला सारावी लागते. ‘ढोंग करतेस’ म्हणू नये. आणि ‘तुला कोण दिसते?’ हा प्रश्न कोणालाही, विशेषतः घाड्याला किंवा भगताला, विचारू देऊ नये. सेलममध्ये घात झाला तो याच जागी.

भगत नसला तरी हे घडते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप मोबाइलवरून फिरत होते. भीती आधी होती. तिला चेहरा हवा होता आणि परगावची माणसे समोर आली. याउलट २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा वाया गेले ते दूध. त्या दिवशी ‘कोणी केले?’ असे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

या सगळ्याचे ओझे फार काळ मागे राहते. सेलमच्या खटल्यांतील अनेक शिक्षा १७११ साली रद्द झाल्या, वारसांना भरपाईही मिळाली. पण एलिझाबेथ जॉन्सन या मुलीवरचा कलंक कायद्याने पुसला गेला तो २०२२ साली, तेथील आठवीच्या एका वर्गाने शिक्षिकेसह प्रयत्न केल्यावर. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कायद्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिला छळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. तक्रारीसाठी मारहाण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गावात कोणाचे नाव घेतले जाऊ लागले आहे, हे मुलांच्या बोलण्यातून शिक्षकाच्या कानावर बहुधा सर्वांच्या आधी येते. पोलीस ठाण्यात जायचे ते तेव्हाच.