निकामी तबकडीची स्मरणपेटी

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग स्थानक सोडून रायपूरच्या दिशेने निघाली, म्हणजे थोड्याच वेळात भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दृष्टीस पडतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्यासंबंधी करार झाला. त्या वेळी हा भाग जुन्या मध्यप्रदेशात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर ही होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई आज छत्तीसगड राज्यात आहे, आणि देशातील आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतील फार मोठा भाग येथे घडतो.

पोलादाच्या कारखान्यात ‘टाकाऊ’ हा शब्द जपून वापरावा लागतो. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर बाहेर पडणारी धातुमळी थंड करून दळली, म्हणजे ती सिमेंटच्या कामी येते. रूळ कापताना उरलेले तुकडे पुन्हा भट्टीत जातात. एका विभागाचा उकिरडा तो दुसऱ्या विभागाचा कच्चा माल, असा येथला व्यवहार आहे.

याच नगरीतील घराघरांत आता निराळ्या प्रकारचे भंगार साठू लागले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक काही वर्षांनी बंद पडतो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो आणि जुने धूड माळ्यावर चढते. पोलाद वितळविणाऱ्या गावात हे भंगार थेट भट्टीत का टाकू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर शोधू गेल्यास धातुविद्येचा एक महत्त्वाचा नियम हाती लागतो. आणि त्याच नियमाच्या आधारे निकामी संगणकातून एक मौजेची, पण उपयुक्त वस्तूही घडविता येते.

भट्टीला न मानवणारे भंगार

पोलाद करण्याच्या परिवर्तकात वितळलेले कच्चे लोखंड ओतून त्यावर शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतात. लोखंडातील कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज व फॉस्फरस हे प्राणवायूशी संयोग पावतात, आणि वायुरूपाने किंवा मळीच्या रूपाने बाहेर पडतात. या क्रियेत इतकी उष्णता निर्माण होते, की तापमान आवरण्याकरिता थंड भंगार पोलाद मुद्दाम घालावे लागते. तेव्हा भट्टीला भंगाराचे वावडे नाही. ते कोणते, हे मात्र तिला पाहावे लागते.

संगणकातील तांबे भट्टीला मुळीच मानवत नाही. प्राणवायूविषयी लोखंडाला जितकी ओढ आहे तितकी तांब्याला नाही. म्हणून इतर अशुद्ध द्रव्ये जळून गेली तरी तांबे पोलादात विरघळून तसेच राहते. पुढे असे पोलाद लाल तापवून लाटू लागले, की पृष्ठभागावरील लोखंड हवेने गंजते, तांबे मागे उरून साचत जाते, आणि १०८५ अंश सेल्सियसला वितळणारा हा धातू पोलादातील स्फटिककणांच्या सांध्यांत शिरतो. परिणामी पृष्ठभागाला चिरा पडतात. या दोषास ‘तप्त भंगुरता’ म्हणतात. त्याकरिता तांब्याचे प्रमाण शेकडा एका भागाहून पुष्कळ कमी असले तरी पुरते. रुळावर अशी चीर राहणे म्हणजे काय, हे सांगावयास नकोच.

उलट ॲल्युमिनियम प्राणवायूचे अतिशय लोभी आहे. पोलादाच्या भट्टीत ते जळून मळीत जाते, म्हणजे वाया जाते. निओडिमियमची गतही तीच. तात्पर्य, अखंड संगणक भट्टीत घातल्याने पोलाद बिघडते आणि इतर धातूही हातचे जातात. प्रथम वेगळे करावे, मग वितळवावे, असा हा नियम आहे. तो प्रत्यक्ष शिकण्यास संगणकाचा एक भाग फार सोयीचा आहे. तो म्हणजे हार्ड डिस्क, अर्थात संगणकाची स्मरणतबकडी.

तबकडीच्या पोटात

या तबकडीचे कूळ जुने आहे. भिलाईची उभारणी चालू होती त्याच काळात, सप्टेंबर १९५६ मध्ये, अमेरिकेतील आयबीएम कंपनीने तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र जाहीर केले. त्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. यंत्राचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेल्या आणि १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असे नाव दिलेल्या संगणकात स्मृतीसाठी फेराइटच्या बारीक कड्या ओवलेल्या होत्या. तबकडी असो वा कडी, दोहोंचे तत्त्व एकच. चुंबकत्वाची दिशा एका बाजूस असली तर एक चिन्ह, उलट असली तर दुसरे.

मेजावरील संगणकातील हार्ड डिस्क ही सुमारे १४७ मिलिमीटर लांब, १०२ मिलिमीटर रुंद व २६ मिलिमीटर जाड अशी बंद पेटी असते. तिचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे असते. आत आरशासारख्या चकचकीत, सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाच्या एक वा अधिक तबकड्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या असून त्यांवर कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा अतिसूक्ष्म चुंबकीय थर दिलेला असतो. पुष्कळ जातींत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १२९ किलोमीटर, म्हणजे एखाद्या जलद गाडीइतका होतो. या धावत्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर वाचनशीर्ष तरंगत असते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. धुळीचा एक कणही या व्यवस्थेचा घात करण्यास पुरेसा होतो.

वाचनशीर्षाचा हात हलविण्यासाठी तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आणि त्याच्या वर-खाली दोन वक्राकार चुंबक असतात. हे चुंबक निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचे असून गंजू नयेत म्हणून त्यांवर निकेलचा मुलामा चढविलेला असतो. आकाराच्या मानाने त्यांचा जोर विलक्षण असतो, आणि तबकडी बंद पडली तरी तो कमी होत नाही.

उघडण्यापूर्वी

पेटी उघडली, की आत धूळ शिरते व माहिती परत मिळण्याची आशा बहुतांशी संपते. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय झाला पाहिजे. या तबकडीत काय आहे? लग्नाची छायाचित्रे, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज किंवा जमिनीचे कागद यांची दुसरी प्रत कोठेही नसेल, तर ती तबकडी तशीच बंद ठेवून जाणत्या तंत्रज्ञाकडे न्यावी. यंत्र निकामी झाले म्हणजे त्यातील स्मृती पुसली गेली, असे समजणे चूक आहे. पुष्कळदा मोटार किंवा विद्युत्‌मंडल बिघडलेले असते. तबकडीवरील खुणा जशाच्या तशा असतात.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते. बँकेचे तपशील वा खाजगी पत्रव्यवहार असलेली तबकडी भंगारात घालणे म्हणजे कुलूप न लावता कपाट विकण्यासारखे आहे. संगणकावरून फाइली काढून टाकल्याने बहुधा अनुक्रमणिकाच पुसली जाते, मजकूर मागे राहतो. तबकडी चालत असेल तर तिच्यावर आरंभापासून अखेरपर्यंत नवी माहिती लिहावी. ती चालत नसेल तर बाहेर काढलेल्या तबकडीच्या दोन्ही पृष्ठभागांवर ओला सँडपेपर घासून चुंबकीय थर खरवडून टाकावा. घरातील चुंबक तिच्यावरून फिरविणे मात्र भरवशाचे नाही, कारण हा थर अशा चुंबकांना सहजासहजी दाद देत नाही. काचेची तबकडी फुटताना तिचे तुकडे उडतात. सबब तिला वाकवू नये आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

पेटीची घडण

तबकडी रिकामी करण्याचे ठरले, की प्रथम बाहेरच्या बाजूचे हिरवे किंवा निळे विद्युत्‌मंडल सोडवावे. स्क्रू बहुधा सहा टोकांच्या ताऱ्याच्या घाटाचे असतात, त्यांना त्याच जातीचा पेचकस लागतो. झाकणाचा एखादा स्क्रू लेबलाखाली दडलेला असतो. बोट दाबून पाहिल्यास खळगा जाणवतो. झाकण निघाले म्हणजे वरची चुंबकपट्टी, वाचनशीर्षाचा हात, तबकड्या व मोटार या क्रमाने भाग काढावेत. दोन चुंबक एकमेकांजवळ येऊ देऊ नयेत. बोट मध्ये सापडले तर जबर चिमटा बसतो, आणि आपटले तर चुंबकाचा ठिसूळ टवका उडतो. हृदयाची गतिनियंत्रक बसविलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. मुलांच्या हाती तर सुटे चुंबक मुळीच पडू नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याचे पापुद्रे त्यांच्यामध्ये चिमटले जाऊन जिवावर बेतते.

आता उरते ती एक सुबक, जड, पोकळ पेटी. तिचे झाकण एका कोपऱ्यातील स्क्रूवर सैलसर बसवावे. आतील रबराची कडा काढून टाकली, म्हणजे ते चुन्याच्या डबीच्या झाकणासारखे बाजूस सरकते. झाकण काठांच्या आत बसणारे असेल तर लहान बिजागरी लावावी. समोरच्या कोपऱ्याशी वरची चुंबकपट्टी उलटी करून, म्हणजे चुंबकाचे तोंड झाकणाकडे येईल अशी, घट्ट चिकटवावी. पट्टीच्या पोलादामुळे चुंबकाचा जोर एकाच बाजूस एकवटलेला असतो. ती सुलटी ठेवली तर झाकण ओढले जाणार नाही. झाकण ॲल्युमिनियमचे असल्यास त्याच्या आतील बाजूस संगणकाच्या पोलादी पेटीतून कापलेली पत्र्याची पट्टी लावावी. एके काळी वाचनशीर्ष हलविणारा चुंबक आता कडीचे काम करू लागतो.

पेटीच्या एका कोपऱ्यात साध्या पेनड्राइव्हचे आवरण काढून आतील बारीक पट्टी विद्युत्‌रोधक पट्टीत गुंडाळून बसवावी. तिला जोडलेली आखूड तार पेटीच्या तळातील भोकातून बाहेर काढावी. वाचनशीर्षाची जोडणी विद्युत्‌मंडलापर्यंत पोहोचविण्यासाठी हे भोक मुळातच ठेवलेले असते. ते अरुंद वाटल्यास कानशीने मोठे करावे.

चुंबकाशेजारी स्मृती ठेवणे धोक्याचे नाही काय, अशी शंका येथे येईल. परंतु पेनड्राइव्हमधील माहिती चुंबकत्वाच्या रूपाने नसते. ती विद्युत्‌रोधक थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने असते व चुंबकाने पुसली जात नाही. मात्र हा विद्युत्‌भार वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास हळूहळू झिरपू शकतो. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र असावीच.

६४ अब्ज अक्षरांची ही पट्टी १९५६ च्या टनभर वजनाच्या यंत्राहून १२,८०० पट अधिक मजकूर साठविते, आणि तरीही पेटीचा फार थोडा भाग व्यापते. उरलेल्या जागेत टाचण्या, किल्ल्या, शिक्का वा नाणी राहतात. घासून न काढलेली तबकडी तळाशी बसविली तर तिचा उत्तम आरसा होतो. पण हे तेव्हाच करावे, जेव्हा तिच्यावरील मजकूर आधीच संपूर्ण पुसला गेल्याची खात्री असेल. तशी खात्री नसेल तर आरशाचा मोह आवरावा.

उरलेल्याची वाट

पेटी पुरी झाल्यावर मेजावर काही ढीग उरतात. पोलादाचे स्क्रू व संगणकाचा बाहेरचा पत्रा हे भंगारवाल्याकडे द्यावेत. त्यांचा मार्ग अखेर पोलादाच्याच भट्टीकडे जातो. तबकड्यांतील ॲल्युमिनियमच्या तबकड्या निराळ्या ठेवाव्यात, कारण ते धातू पुन्हा वितळविण्यास मुळापासून तयार करण्याच्या मानाने फारच थोडी ऊर्जा लागते. तांब्याचे वेटोळे, मोटार, उरलेला चुंबक व विद्युत्‌मंडल हे अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजेत. भारतात यासंबंधीचे नवे नियम २०२२ मध्ये झाले व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. विद्युत्‌मंडलावरील सोन्याचा अंश वा तांबे मिळविण्यासाठी ते उघड्यावर जाळणे किंवा अम्लात बुडविणे अत्यंत घातक आहे. त्यातून शिसे व डायॉक्सिनसारखी विषे हवेत, पाण्यात आणि ते काम करणाऱ्याच्या शरीरात जातात; आणि हे काम करणारा बहुधा सर्वांत गरीब असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत्‌ व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेल्याची नोंद शेकडा २२.३ भागाचीच आहे. अर्धा किलो वजनाच्या एका पेटीने या राशीत काही फरक पडत नाही. परंतु ज्याने एकदा स्वतःच्या हाताने हार्ड डिस्क उघडली, त्याला ती ‘एक निकामी वस्तू’ म्हणून पुन्हा दिसत नाही. तिच्यात ॲल्युमिनियम, पोलाद, तांबे, निओडिमियम आणि कोणाची तरी आठवण अशा पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत व प्रत्येकीची वाट निराळी आहे, हे त्याला कळलेले असते. भिलाईच्या भट्टीवर काम करणाराला भंगाराच्या ढिगाकडे पाहताना हेच ओळखावे लागते. घरच्या मेजावरील ती लहानशी पेटी याच ओळखीचा पहिला धडा होय.